पोटाखालचा ठिपका

"गुरुजी, हे आपलं हाये."

हौसाने काळं विमान उलटं धरून डोक्यावर नेलं होतं आणि मान मागे टाकून ती त्याच्या पोटाकडे बघत होती.

"आधी खाली ठेव," मी म्हणालो. "रंग ओला आहे. बोटं उमटतील."

"बोटं नाही लागू दिली." तिने खरंच पंखांची दोन टोकं तेवढी दोन बोटांवर तोलली होती. "पण हे आपलं हाये. तुम्ही याला लाल ठिपका द्यायला सांगितला."

"लाल म्हणजे?"

"शत्रूचं."

"आणि पांढरा?"

"आपलं."

"मग भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर काय लिहिलंय ते वाच बघू."

भिंतीवर दोन पुठ्ठे टांगले होते. दोन्हींवर विमानाची तीन-तीन चित्रं, वरून, समोरून आणि बाजूने; एका विमानाचं नाक टोकदार, दुसऱ्याचं कापल्यासारखं बोथट. कोपऱ्यात माझ्या अक्षरातली चिठ्ठी. हौसा पुठ्ठ्यापाशी गेली. तिने चिठ्ठी वाचली आणि नखाने तिची कड किंचित उचलून पाहिली.

"सेबर. शत्रूचं," ती हळू म्हणाली.

"झालं तर."

"पण गुरुजी, याचं नाक सुईवानी हाये. सुईनाकं आमच्या डोक्यावरून रोज जातं. ते कापल्या नाकाचं आम्ही कधी बघितलंच नाही. मग आपलं कोणतं?"

"उंचावरून सगळी सारखीच दिसतात."

"उंचावरून नाही जात. उतरताना बाभळीच्या शेंड्याला लागतंय का, असं जातं."

मागच्या बाकावरून मुरली भालेराव ओरडला, "गुरुजी, ती गवताचा भारा हुंगून सांगते, आत कोणतं विमान हाये ते!"

वर्ग हसला. मीही हसलो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

एकाहत्तर सालचा नोव्हेंबर संपत आला होता. खडकमाळच्या शाळेत मी सुतारकाम शिकवायचो. आमचं घराणं सावंतवाडीकडचं, लाकडी खेळणी रंगवणाऱ्यांचं. वडील पांगाऱ्याच्या लाकडाची केळी, आंबे, बाहुल्या करायचे. आडनावही चितारी. शिक्षकाची नोकरी मिळाली म्हणून मी घाट चढून इकडे आलो, पण पांगारा सुटला नाही. हलकं, मऊ लाकूड, लहान हातांनाही ऐकतं.

गावापासून दोन कोसांवर विमानांचा तळ होता. युद्ध होणार अशी हवा सुटली, तेव्हा तळाभोवती तोफा आल्या आणि गावाच्या पाण्याच्या टाकीवर टेहळणीची चौकी बसली. चौकीवरच्या माणसाजवळ एक फोन, थेट तोफांशी जोडलेला. विमान दिसलं की त्याने अर्ध्या मिनिटात सांगायचं, आपलं की शत्रूचं. अर्ध्या मिनिटात ओळखायचं तर नजरेला सवय हवी. त्यासाठी तालुक्याच्या कचेरीने शाळेकडे लाकडी प्रतिकृती मागितल्या. तीन जोड्या. प्रत्येक जोडीत एक आपलं लढाऊ विमान, हंटर, आणि एक शत्रूचं, सेबर. एक जोड टाकीवर जायची, दोन कचेरीत ठेवायच्या, पुढे नव्या चौक्या झाल्या तर.

सहा फुटांचा एक इंच असं माप होतं. या मापाचं विमान दहा पावलांवर धरलं की बाराशे हातांवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. मी मैदानात धरून दाखवलं, तेव्हा मुलांचे डोळे विस्फारले होते. रंगाचं सांगितलं तेव्हा मात्र सगळी हिरमुसली.

"काळंच?" मुरली म्हणाला. "नुसतं काळं? मी चंदेरी रंगाची डबी आणणार होतो, गुरुजी. आत वैमानिकसुद्धा बसवणार होतो, काडेपेटीतल्या काडीचा."

"उन्हाकडे तोंड करून विमान बघ. चंदेरी दिसतं?"

"नाही. काळं दिसतं."

"आभाळात विमानाला रंग नसतो, नुसता आकार असतो. आपल्याला आकार शिकवायचा आहे. आणि आकार चुकला, तर?"

"तर आपल्याच विमानावर तोफ उडेल," सगळे एका सुरात म्हणाले. पाढा म्हणावा तसं. मीच पाठ करून घेतलं होतं.

माझ्या वर्गाचा एक नियम होता, दारावर खडूने लिहिलेला. 'डोळा फसवतो, पट्टी फसवत नाही.' नवी मुलं आली की मी दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या घ्यायचो. एक आडवी ठेवायची, दुसरी तिच्या मधोमध उभी. उभी लांब दिसते. मुलं शपथेवर सांगायची की उभीच लांब. मग मोजायला लावायचो. त्यांची तोंडं बघण्यासारखी होत. वीस वर्षं मी हा खेळ दाखवत होतो आणि वीस वर्षं तो कधी चुकला नव्हता.

कचेरीतून आलेले विमानांच्या आकृत्यांचे कागद पातळ होते. पुढच्या बाजूला चित्रं आणि मापं, मागच्या बाजूला नाव. म्हणजे चित्र बघून ओळखायचं आणि उलटून खात्री करायची, अशी सोय. पण तीस मुलांच्या हातात असा कागद किती टिकणार? मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलं आणि दोन्ही कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवले. नावं झाकली जाणार, म्हणून ती आधीच दोन चिठ्ठ्यांवर उतरवून घेतली. पुठ्ठे व्हरांड्यात उन्हात वाळत ठेवले, ज्याची त्याची चिठ्ठी त्याच्यावर, वर एक खडा. दुपारी वारा सुटला, तेव्हा दगडू शिपायाने सगळं उचलून आत आणून ठेवलं. संध्याकाळी मी चिठ्ठ्या कोपऱ्यात डकवल्या. कागद इतका गुळगुळीत बसला होता की मुख्याध्यापक कुलथे सर म्हणाले, "चितारी, तुम्ही पुस्तकं बांधायला हवी होती."

मग काम सुरू झालं. पुठ्ठ्यावरून आकार उतरवायचा, करवतीने कापायचा, कानसायचा, काचेच्या तुकड्याने तासायचा. खडूची पूड सरसात कालवून भेगा बुजवायच्या. मुलं घरून कंदिलाची काजळी आणायची, पुडीत बांधून, आणि येताना निम्मी तोंडाला लागलेली असायची. काजळीत सरस घालून रंग केला. वाळला की फडक्याने हलकं पुसायचं, चमक घालवायची. पोटाखाली तेवढी चवलीच्या नाण्याएवढी जागा कोरी सोडायची, ठिपक्यासाठी.

ठिपके मी हौसाकडे दिले. हौसा पगारे, सातवीतली. तिची आई तान्हाबाई तळाच्या कुंपणाकडेचं गवत कापायची. शाळेच्या आधी हौसाही विळा घेऊन जायची. त्या विळ्यामुळे असेल, तिच्या मनगटात मी आजवर कुठल्या मुलात पाहिली नाही अशी स्थिरता होती. आणि तिला विमानं माहीत होती. एका विमानाला तर तिने नावही ठेवलं होतं.

"ठिगळ्या," ती एकदा तासता तासता म्हणाली होती. "त्याच्या डाव्या पंखाखाली पोटाला ठिगळ हाये, गुरुजी. पांढरट, चौकोनी. आईच्या लुगड्याला असतं तसं. आम्ही विळे हलवले की तो पंख हलवतो."

"उतरताना पंख हलतातच."

"नाही. बाकीचे नाही हलवत. ठिगळ्याच हलवतो."

शुक्रवारी संध्याकाळी युद्ध सुरू झालं. शनिवारी सकाळची शाळा होती. रात्रभर रेडिओपाशी बसलेली माणसं तशीच कामाला निघाली होती. प्रार्थनेनंतर कुलथे सर म्हणाले, "दहा वाजता कचेरीची जीप येणार आहे. तयार आहे ना सगळं?"

"एकदा तपासतो आणि देतो."

सहा विमानं टेबलावर मांडलेली होती. मी पट्टी घेऊन एकेक तपासलं. पंख, लांबी, शेपटी. सगळं मापात. मग उलटी केली. सुईनाक्या तिघांच्या पोटावर पांढरा ठिपका होता. कापल्या नाकाच्या तिघांवर लाल.

मी पुठ्ठ्याकडे पाहिलं. पुन्हा विमानांकडे पाहिलं.

"हौसा."

ती उभी राहिली.

"ठिपके कोणी दिले?"

"मी."

"उलटे झाले आहेत."

"उलटे नाही, गुरुजी. मी मुद्दाम दिले."

मुरलीसुद्धा हसला नाही.

मी रागावलो नव्हतो. राग आला असता तर कदाचित बरं झालं असतं, रागाच्या भरात माणूस दोनदा तरी बघतो. मी शांतपणे तिला पुठ्ठ्यापाशी नेलं. "हे सरकारी कागद आहेत. ज्यांनी विमानं मोजली त्यांनी काढलेले. आणि तू कुंपणाबाहेरून बघितलंस. दोन्हींत कशावर विश्वास ठेवायचा?"

तिने दारावरच्या ओळीकडे पाहिलं.

मी काचेचा तुकडा घेतला आणि सगळ्यांसमोर एकेक ठिपका खरवडला. पांगारा रंग पितो. वरचा थर निघाला तरी खाली डाग राहतो. त्या डागांवर मी माझ्या हाताने नवे ठिपके दिले. सुईनाक्यांना लाल, दुसऱ्यांना पांढरे. मुलांना म्हणालो, "काम करताना आपल्या मनाचं काही घालायचं नसतं, हे लक्षात ठेवा."

हौसा जागेवर गेली नव्हती.

"मग ठिगळ्याला मारतील, गुरुजी," ती म्हणाली.

"जागेवर बस."

ती बसली नाही. दप्तर उचललं आणि दाराबाहेर गेली. मी तिला हाक मारली नाही. बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता.

टाकीवर शेलार हवालदार होते, पायदळातून निवृत्त झालेले. मी स्वतः जोड घेऊन गेलो आणि त्यांना शिकवलं. चौकीवर बांबू रोवला होता. त्याला दोन्ही विमानं दोऱ्याने टांगली. शेलार खाली मैदानात जाऊन उभे राहायचे, मी दोऱ्या फिरवायचो.

"सुईनाक, लाल, शत्रू," ते ओरडायचे. "कापलं नाक, पांढरा, आपलं!"

"शाब्बास."

"गुरुजी, अक्षर गिरवायला लावता तसं शिकवता हो तुम्ही," शेलार म्हणाले. "विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही."

शनिवार गेला, रविवार गेला. गावावरून एकही विमान गेलं नाही. ती तळाच्या पलीकडच्या बाजूने उडत आणि तिकडूनच परत येत. आभाळ निळं, स्वच्छ, रिकामं होतं. लोक अंगणात उभे राहून वर बघायचे आणि आवाज न करता घरात जायचे. कुत्रीसुद्धा टाकीकडे तोंड करून बसलेली मला आठवतात, पण ते कदाचित माझ्या मनाने नंतर घातलेलं असेल.

सोमवारी हौसा शाळेत आली नाही. सकाळी साडेनऊच्या सुमारास तान्हाबाई आली. दाराबाहेर उभी राहिली, डोक्यावरचा पदर दातांत धरून.

"आत या, बाई."

"इथंच बरं हाये, गुर्जी. पोरीनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. उजाडलं की कुंपणाशी जाऊन बसते. माझं धुतलेलं पांढरं फडकं नेते आणि हलवीत बसते. तिथला शिपाई रागावला, तरी उठत नाही. तुम्ही एक शब्द बोला तिला."

"काय बोलू? तिचं चुकलं होतं."

"चुकलं आसंल." तिने पदर सारखा केला. "पण गुर्जी, सुईनाकं तर आम्ही बी बघतो. पाच वर्सं झाली. गवतात वाकलेलो आसतो, वरून सावली जाते. तिचं नाक बी सुईवानीच आसतं."

"बाई, कागदावर—"

"कागदाचं आम्हाला काय कळतंय. पण पोरगी म्हणली, नावाची चिठ्ठी वरून डकवलेली हाये. गुर्जींनीच. म्हणली, खाली काय लिहिलंय ते कुणी बघितलंय?"

ती गेली. मी वर्गाच्या मधोमध उभा राहिलो. मुलं मैदानात कवायतीला गेली होती. भिंतीवरचे पुठ्ठे तसेच होते, गुळगुळीत, एकही सुरकुती नसलेले. चिठ्ठीची एक कड नखाने उचललेली होती.

आणि मला वारा आठवला.

दगडूला हाक मारली. "दगडू, हे पुठ्ठे वाळत घातले होते, तेव्हा तू आत आणलेस ना?"

"हो, गुरुजी. वावटळ आली होती."

"चिठ्ठ्या जागेवर होत्या?"

"कुठल्या जागेवर? व्हरांडाभर उडाल्या होत्या." दगडू हसला. "पण एकबी हरवू दिली नाही. दोन्ही गोळा केल्या, एकेक पुठ्ठ्यावर ठेवली. बरोबर केलं ना?"

मी सरस तापवायच्या परातीत गरम पाणी ओतलं. 'सेबर, शत्रूचं' लिहिलेला पुठ्ठा त्यात बुडवला. खळ चांगली शिजवली होती, ती लवकर सुटेना. मोरचुदाचा निळसर रंग पाण्यात उतरू लागला. मी अंगठ्याने कोपरा चोळत राहिलो. कोपरा सुटला, मग बोटभर, मग वीतभर. ओला कागद सोलून मी उलटा केला. टंकलिखित इंग्रजी अक्षरं होती, पाण्याने थोडी फुगलेली. पहिलं अक्षर एस हवं होतं.

ते एच होतं.

टाकी शाळेपासून सायकलने दहा मिनिटांवर होती. मी थेट तिकडे गेलो नाही. आधी कुलथे सरांच्या खोलीत गेलो, कारण फोन तिथे होता आणि मला वाटलं, फोन सायकलपेक्षा लवकर पोहोचतो. हिशेब बरोबर होता.

सर ओल्या कागदाकडे बघत राहिले. "बसा, चितारी."

"बसायला वेळ नाही, सर. कचेरीला फोन लावा. त्यांना तोफांवर कळवायला सांगा."

"लावतो. पण काय सांगायचं? जिल्ह्याला अहवाल गेलाय, शाळेचं नाव झालंय. 'आम्ही शत्रूला आपलं ठरवलं' असं सांगायचं? युद्ध चालू आहे. याला काय म्हणतात माहीत आहे तुम्हाला?"

"चूक म्हणतात. माझी."

"तुमच्या एकट्याची राहणार नाही ती." त्यांनी हात फोनवर ठेवला, पण उचलला नाही. "दोन दिवस एक विमान फिरकलं नाही इकडे. जेवणाच्या सुटीत मी स्वतः जाऊन शांतपणे साहेबांना सांगतो."

"सर, फोन लावा."

त्यांनी लावला. कचेरीची लाईन लागेना. पुन्हा लावला. लागली, तर साहेब जागेवर नव्हते. बोलणाऱ्या कारकुनाला हंटर म्हणजे काय हे सांगण्यात तीन-चार मिनिटं गेली. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. मी रिसीव्हर सरांच्या हातात दिला आणि बाहेर पडलो.

बाजाराचा रस्ता टाळून मी ओढ्याकडून सायकल काढली. टाकी दिसू लागली. वर शेलारांची खाकी टोपी दिसत होती. बांबूला टांगलेली दोन काळी विमानं वाऱ्यावर हळूहळू फिरत होती. मी सायकल टाकली आणि लोखंडी शिडीला हात घातला. पंधरावीस पायऱ्या चढलो असेन, तेव्हा तो आवाज आला.

आधी आवाज नव्हताच. शिडी थरथरू लागली, एवढंच.

"शेलार!" मी ओरडलो. "शेलार, थांबा!"

त्यांनी एका कानाला फोन लावला होता. दुसऱ्या हातात दुर्बीण होती.

"उत्तरेकडून!" ते फोनमध्ये सांगत होते. त्यांचा आवाज खणखणीत होता. "एकटंच आहे. खाली येतंय. सुईनाक! सेबर! शत्रू! शत्रू!"

"आपलं आहे! शेलार, आपलं आहे ते!"

विमान टाकीवरून गेलं. शिडीला एका हाताने धरून मी मान मागे टाकली, हौसा टाकायची तशी. आयुष्यात पहिल्यांदा मी खऱ्या विमानाचं पोट पाहिलं. नाक सुईसारखं होतं. डाव्या पंखाखाली एक पांढरट चौकोन होता.

मग तोफा सुरू झाल्या.

आभाळात काळे गोळे उमटू लागले, काजळीच्या पुड्या फुटाव्यात तसे. विमान एकदम एका बाजूला कललं. पंख हलवतंय असं क्षणभर वाटलं. मग ते तळाकडे न जाता पूर्वेच्या डोंगराकडे वळलं, अगदी खालून. मागे एक पातळ पांढरी रेघ होती. ते डोंगराआड गेलं. आवाज दूर गेला की थांबला, हे मला त्या वेळी कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

मी वर पोहोचलो तेव्हा शेलारांच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं.

"पहिल्याच खेपेला ओळखलं, गुरुजी!" त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. "हुबेहूब तुमच्या विमानासारखं! दुर्बीण लावली आणि लगेच कळलं!"

मी त्यांच्या हातातला फोन घेतला. तोफा थांबल्याच होत्या. पलीकडच्या माणसाला मी सांगितलं. तो "कोण बोलतंय?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिला. शेलार माझ्याकडे बघत होते. बघता बघता ते खाली बसले, टाकीच्या कठड्याला पाठ लावून.

"पण मी तर पाठ केलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही शाब्बास म्हणाला होता."

मी बांबूवरून सुईनाकं विमान सोडवलं. दोऱ्याची गाठ मीच मारली होती, ती सुटता सुटेना.

दुपारी कचेरीत मी सगळं लिहून दिलं. पुठ्ठा, चिठ्ठ्या, वारा, ठिपके कोणी दिले, कोणी खरवडले. हौसाचं नाव लिहिलं, ती बरोबर होती म्हणून. तळावरून आलेल्या अधिकाऱ्याने कागद वाचला, घडी केला, खिशात ठेवला. कचेरीत ठेवलेल्या दोन जोड्या त्याने पोत्यात घालून घेतल्या. माझ्या पिशवीत एक राहिलं आहे, हे त्याला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"साहेब, विमान कसं आहे?"

"कुठलं विमान?" तो म्हणाला.

"सकाळचं. वैमानिक—"

"गुरुजी, तुम्ही शाळेत जा."

पुढे मला कोणी बोलावलं नाही. शिक्षा झाली नाही, चौकशी झाली नाही. शेलार दुसऱ्या दिवशी टाकीवर नव्हते. गावात लोक म्हणत राहिले की आपल्या तोफांनी शत्रूचं विमान पळवून लावलं. आमची मुलं तशी चित्रं काढू लागली. मी वर्गात एकदा खरं सांगितलं. मुलांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तीच चित्रं काढली. दारावरची ओळ मी पुसली. तिथे दुसरं काही लिहिलं नाही.

हौसा शाळेत आली नाही. युद्ध थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तळाकडे चालत गेलो. पिशवीत ते विमान होतं. माझा लाल ठिपका मी खरवडला होता. खाली, लाकडात मुरलेला, हौसाचा पांढरा डाग होता. तिने दिला होता तेवढाच गोल.

ती कुंपणाशी बाभळीखाली बसली होती. विळा शेजारी, फडकं मांडीवर. तान्हाबाई लांब गवतात वाकलेली होती. तिने मला पाहिलं आणि पुन्हा वाकली.

"हौसा, तुझं बरोबर होतं," मी म्हणालो. "माझं चुकलं."

मी विमान आणि पांढऱ्या रंगाची बाटली तिच्यापुढे ठेवली. "ठिपका तू दे. कुंचला विसरलो आणायला."

तिने गवताची एक काडी तोडली, दातांनी टोक चावून मऊ केलं आणि रंगात बुडवलं. मनगट तसंच स्थिर होतं. जुन्या डागावर तिने बरोबर तेवढाच ठिपका दिला. काठाच्या बाहेर केसभरही नाही.

"रोज बघते मी," ती म्हणाली. "बाकीचे येतात. ठिगळ्या आला नाही, गुरुजी."

"दुसऱ्या तळावर नेला असेल. युद्धात हलवतात विमानं."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तसं कुठल्या कागदावर लिहिलंय का, गुरुजी?"

"नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. लांबून आवाज येऊ लागला. ती उठली, फडकं हातात घेतलं आणि मान मागे टाकली. मीही तिच्या शेजारी उभा राहून वर पाहू लागलो. विमान बाभळीच्या शेंड्यावरून आलं, इतकं खालून की त्याची सावली आमच्या दोघांवरून गेली.

नाक सुईसारखं होतं. पोटाखाली ठिगळ नव्हतं.